बुडबुडा आणि भोक

फिश फाइंडर, म्हणजे मासे शोधणारं यंत्र, विकत घेणारा माणूस पडदा पाहून पैसे देतो. सात इंची की नऊ इंची, उन्हात दिसतो का, नकाशे आहेत का, अशी चौकशी करतो. पण तळ्यावर गेल्यावर हे यंत्र कितपत खरं बोलेल, ते पडद्यावर ठरत नाही. बोटीच्या मागच्या बाजूला, पाण्याखाली बसवलेल्या तळहाताएवढ्या काळ्या तुकड्यावर ते ठरतं. हा तुकडा म्हणजे ट्रान्सड्यूसर. कंपनी खोक्यात तो, एक ब्रॅकेट, मूठभर स्क्रू आणि घडी घातलेला सूचनांचा कागद ठेवते. पुढचं काम मालकाचं.

हे काम मोठ्या प्रमाणावर होतं ते उत्तर अमेरिकेच्या तळ्यांच्या प्रदेशात. एकट्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत, अशी तिथली सरकारी मोजणी आहे. या तळ्यांवरचं नेहमीचं वाहन म्हणजे चौदा ते सोळा फुटांची ॲल्युमिनियमची बोट. ती खऱ्या अर्थाने घराघरांत पोचली दुसऱ्या महायुद्धानंतर. विमानांसाठी ॲल्युमिनियम घडवणारे कारखाने आणि कारागीर तेव्हा मोकळे झाले होते. लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने १९४५ मध्ये ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. मिनेसोटात १९४६ मध्ये अल्युमाक्राफ्ट सुरू झाली आणि १९४८ मध्ये न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावात हॉवर्ड लुंड यांनी पहिली ॲल्युमिनियमची बोट बांधली. ही बोट हलकी असते, गाडीमागे ट्रेलरवर सहज ओढता येते. खडकावर घासली तर पोचा येतो, पण ती सहसा फुटत नाही आणि तिचा पत्रा लाकडासारखा कुजत नाही.

योगायोग असा की, मासे शोधणारं यंत्रही त्याच सुमारास बाजारात आलं. जपानमध्ये नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये कोळ्यांसाठी फिश फाइंडर विक्रीला आणला. अमेरिकेत कार्ल लोरन्स यांनी १९५७ मध्ये सुरू केलेल्या कंपनीने ट्रांझिस्टरवर चालणारं, हातात उचलून नेता येईल असं सोनार, म्हणजे ध्वनीने पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र, हौशी मासेमारांपर्यंत नेलं. त्यातला हिरवा डबा पुढे फार लोकप्रिय झाला. तेव्हापासून पत्र्याची बोट आणि ध्वनीचं यंत्र यांची जोडी जमली आहे. जोडी जमली तरी संसार सोपा नाही. बोटीचा मागचा भाग आणि ट्रान्सड्यूसर यांचं जमवताना दोनच गोष्टी सांभाळाव्या लागतात: ट्रान्सड्यूसरखाली हवा येता कामा नये आणि बोटीत पाणी शिरता कामा नये. सूचनांच्या कागदावरचं जवळजवळ प्रत्येक वाक्य या दोहोंपैकी एका कारणासाठी लिहिलेलं असतं. कारण कळलं की कागद पाठ करावा लागत नाही.

ध्वनीचा हिशेब

ट्रान्सड्यूसरच्या पोटात खास चिनी मातीसारख्या पदार्थाची एक चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि तिच्यावर दाब आला की ती वीज निर्माण करते. दाबाखाली वीज निर्माण करण्याचा काही स्फटिकांचा गुण पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. म्हणजे एकच चकती तोंडही होते आणि कानही. ती पाण्यात ध्वनीचा एक छोटा ठोका सोडते, मग गप्प बसून प्रतिध्वनीची वाट पाहते.

वीस अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर धावतो. दहा मीटर खोल तळाला जाऊन परत यायला त्याला साडेतेरा मिलिसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजतं आणि त्यावरून खोली काढतं. असे ठोके एकामागून एक जात राहतात. प्रत्येक ठोक्याचं उत्तर पडद्यावर एका उभ्या रेघेत मांडलं जातं आणि रेघा डावीकडे सरकत जातात. त्यामुळे पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण आणि बाकी सगळा पडदा म्हणजे मागे पडलेला इतिहास.

ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. नेहमीच्या ट्रान्सड्यूसरमध्ये २०० किलोहर्ट्झचा झोत सुमारे वीस अंशांचा आणि ८३ किलोहर्ट्झचा सुमारे साठ अंशांचा असतो. दहा मीटर खोलीवर पहिला झोत साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ पाहतो, तर दुसरा साडेअकरा मीटरचं. रुंद झोत जास्त पाहतो म्हणून तो चांगला, असं मात्र नाही. झोताच्या कडेवरचा तळ मधल्या तळापेक्षा ट्रान्सड्यूसरपासून लांब असतो. वीस अंशांच्या झोतात हा फरक दहा मीटरांवर जेमतेम पंधरा सेंटिमीटर असतो, साठ अंशांच्या झोतात तो दीड मीटर होतो. कडेला, तळापासून दीड मीटरच्या आत उभ्या असलेल्या माशाचा प्रतिध्वनी मधल्या तळाच्या प्रतिध्वनीनंतर पोचतो आणि त्याच्या जाड रेघेत बुडून जातो. मिनेसोटाने १९६५ मध्ये राज्यमासा ठरवलेला वॉलाय बराचसा वेळ तळालगतच काढतो. त्याच्या मागे लागलेल्यांना अरुंद झोत का आवडतो, ते या आकड्यांतून कळतं.

आता हवेकडे वळू. पाण्यातून जाणारा ध्वनी हवेच्या सीमेवर आला की जवळजवळ सगळा माघारी फिरतो. पलीकडे जातो तो हजारातला जेमतेम एक भाग, कारण हवेची घनता आणि तिच्यातला ध्वनीचा वेग दोन्ही पाण्यापेक्षा फार कमी आहेत. मासा दिसतो तो याच नियमामुळे. माशाचं मांस ध्वनीच्या दृष्टीने पाण्याहून फारसं वेगळं नसतं; झोत त्याच्यातून बराचसा आरपार जातो. ठसठशीत प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या वायूने भरलेल्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या पिशवीला सोन्याचा भाव मिळतो, तीच ही. वॉलायकडेही ती असते.

म्हणून हवा माशाच्या पोटात असेल तर ती बातमी देते आणि ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी असेल तर बातमी अडवते. बोट धावू लागली की तिच्या तळाखालून बुडबुड्यांच्या माळा मागे येतात. त्यांतली एखादी ट्रान्सड्यूसरवरून वाहू लागली की ठोका तिथल्या तिथे परततो, तळाची रेघ तुटते आणि पडद्यावर उरतो तो नुसता गोंधळ. उभ्या बोटीत सगळं छान दिसतं, बोट वेगात आली की काहीच दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. बऱ्याचदा यंत्र त्यात निर्दोष असतं.

शांत पाण्याची पट्टी

बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीला ट्रान्सम म्हणतात. इंजिनही तिलाच अडकवलेलं असतं. या भिंतीवर ट्रान्सड्यूसरला जागा शोधायची म्हणजे तिच्या खालून वाहणाऱ्या पाण्यात सर्वांत शांत पट्टी कोणती, ते शोधायचं.

पहिला प्रश्न डावी की उजवी बाजू. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांचा पंखा मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. उजवीकडे त्याची पाती खाली जातात, डावीकडे वर येतात. वर येणारी पाती ढवळलेलं पाणी बोटीच्या तळाकडे उचलतात. म्हणून ट्रान्सड्यूसर साधारणपणे उजव्या बाजूला बसवतात. पंखा उलटा फिरत असेल तर बाजूही उलटी. पंख्यापासून निदान ३८ सेंटिमीटर, म्हणजे पंधरा इंच अंतर ठेवावं असा दंडक आहे. अंतर फार वाढवलं तर वेगळी अडचण येते: वळण घेताना बोट कलते आणि कडेचा ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर डोकावतो.

दुसरा प्रश्न बोटीच्या पोटाचा, आणि पत्र्याची बोट फायबरच्या बोटीपेक्षा अवघड ठरते ती इथेच. फायबरचा तळ साच्यातून गुळगुळीत निघतो. ॲल्युमिनियमच्या बोटीला ताठपणा यावा म्हणून तळाला लांबीभर उभार दाबून काढलेले असतात किंवा पट्ट्या जोडलेल्या असतात. जुन्या धाटणीच्या बोटीत पत्रे रिवेटनी जोडलेले असतात आणि प्रत्येक रिवेटचं डोकं बाहेर आलेलं असतं. बोट धावताना असं प्रत्येक डोकं आणि पट्टीचं प्रत्येक टोक आपल्यामागे बुडबुड्यांची रेघ ओढतं. तेव्हा बोट ट्रेलरवर असताना मागे जमिनीवर आडवं व्हावं आणि तळाकडे नाळेच्या दिशेने नजर टाकावी. दोन उभारांच्या मधली, पुढे मीटर-दीड मीटरपर्यंत एकही रिवेट किंवा पाणी सोडण्याचं तोंड नसलेली पट्टी दिसली की जागा सापडली. त्याच वेळी ट्रेलरचे रूळ आणि फळ्याही पाहून घ्याव्यात. तळ्यावर उत्तम चालणारा ट्रान्सड्यूसर बोट ट्रेलरवर चढवताना मोडला, असं व्हायला नको.

तिसरा प्रश्न उंचीचा. गार्मिनच्या सूचनांत फायबरच्या बोटीसाठी ट्रान्सड्यूसर तळाच्या खाली ३ मिलिमीटर आणि ॲल्युमिनियमच्या बोटीसाठी १० मिलिमीटर उतरवायला सांगितलं आहे. या सात मिलिमीटरांमागचं कारण वरच्या परिच्छेदात आहे. पत्र्याच्या खडबडीत तळाला चिकटून वाहणारा पाण्याचा थर जास्त ढवळलेला आणि हवेने भरलेला असतो. त्याखालच्या स्वच्छ पाण्यापर्यंत ट्रान्सड्यूसरचं तोंड पोचवायचं असतं. मात्र गरजेपेक्षा खाली उतरवला तर तो स्वतःच पाणी फाडू लागतो, मागे तुषारांचा पिसारा उठतो आणि ज्या बुडबुड्यांपासून पळायचं तेच तो तयार करतो.

चौथा प्रश्न कलाचा. बोट पाण्यात असताना ट्रान्सड्यूसरचं तोंड पाण्याच्या पातळीला समांतर हवं. व्ही आकाराच्या तळाशी ते समांतर ठेवलं तर झोत खाली न जाता बाजूला जातो. पुढची कड मागच्या कडेपेक्षा खाली असू नये. मागची किंचित खाली असली तर चालते, कारण मग पाणी तोंडाला चिकटून वाहतं. कल चुकला की पडद्यावरची माशाची कमानही बिघडते. मासा झोताच्या कडेला शिरतो तेव्हा तिरक्या अंतरामुळे थोडा लांब असतो, मध्यावर सर्वांत जवळ येतो आणि बाहेर पडताना पुन्हा लांब जातो. पडद्यावर ही कमान उमटते. सहा मीटरवरच्या माशाच्या बाबतीत वीस अंशांच्या झोतात हा फरक नऊ सेंटिमीटर असतो, तर साठ अंशांच्या झोतात त्र्याण्णव. बोट सावकाश पुढे जात असताना नेहमी अर्ध्याच कमानी दिसत असतील, तर ट्रान्सड्यूसर पुढे किंवा मागे झुकलेला असण्याची दाट शक्यता असते.

भोक न पाडता यातून सुटका नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. फायबरच्या बोटीत तशी सोय असते. तिथे सलग फायबरच्या तळावर, बोटीच्या आतल्या बाजूने, ट्रान्सड्यूसर इपॉक्सीत बसवला की ध्वनी तळातून पार होतो. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होडीत ही युक्ती चालू शकते; अट एकच, त्या जागी तळात फोम, लाकूड किंवा हवेचा थर असता कामा नये. धातूच्या तळातून मात्र निर्माते हा मार्ग वर्ज्य सांगतात. पाण्यातून पत्र्यात शिरताना ध्वनीचा मोठा भाग मागे फिरतो आणि पत्रा स्वतःही कंप पावत राहतो. पत्र्याच्या बोटीला भोकाशिवायचे दोनच खरे पर्याय उरतात. ट्रान्सड्यूसर दांड्यावर लावून तो दांडा ट्रान्समच्या वरच्या कडेला शिकंजाने पकडायचा, किंवा विजेवर चालणाऱ्या छोट्या ट्रोलिंग मोटरच्या बुडाला तो होज क्लिपने आवळायचा. भाड्याच्या बोटीला हे ठीक. स्वतःच्या बोटीत, वेगात जातानाही खोली पाहायची असेल, तर ड्रिल हातात घ्यावंच लागतं.

एकदाच पाडायची भोकं

इथून काळजी बदलते. आतापर्यंत हवेची होती, आता पाण्याची.

छोट्या बोटीचा ट्रान्सम बाहेरून नुसता पत्रा दिसतो, पण इंजिनाचा भार पेलायला बऱ्याच बोटींत आत जाड प्लायवुड असतं. स्क्रूच्या भोकातून झिरपलेलं पाणी या प्लायवुडमध्ये साचतं, बाहेर पडायला त्याला वाट नसते, आणि बाहेरचा पत्रा चकचकीत असताना आतलं लाकूड भुसभुशीत होतं. बोटीचं आयुष्य घटतं ते बहुधा अशा न दिसणाऱ्या कुजण्याने. म्हणून जाणते लोक ट्रान्सड्यूसर थेट ट्रान्समला लावत नाहीत. मध्ये एक फळी लावतात.

ही फळी हाय डेन्सिटी पॉलिइथिलीनची, म्हणजे स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड ज्याचा असतो त्याच पदार्थाची. अर्धा इंच जाडीची, तळहातापेक्षा थोडी मोठी फळी दोन-तीन बोल्टांनी ट्रान्समवर कायमची बसवायची. बोल्ट शक्यतो पाण्याच्या रेषेच्या वर घ्यायचे आणि फळीची खालची कड तळाच्या थोडी वर ठेवायची. मग ट्रान्सड्यूसरचे स्क्रू या फळीत. उंची चुकली, दुसरं भोक फळीत पाडा. चार वर्षांनी नव्या कंपनीचा ट्रान्सड्यूसर आला, तिसरं पाडा. ट्रान्समला पुन्हा हात लावायचा नाही. एक ध्यानात ठेवायचं: पॉलिइथिलीनला जवळपास कोणताच गोंद पक्का धरत नाही. फळी सीलंटने चिकटवून काम भागवू पाहणाऱ्याची फळी आणि ट्रान्सड्यूसर दोन्ही तळ्यात जातात. तिला बोल्टच हवेत.

पण ड्रिलची घाई नको. आधी ट्रान्सड्यूसर एका लाकडी पट्टीवर लावावा, पट्टी ट्रान्समच्या वरच्या कडेला शिकंजाने घट्ट पकडावी आणि बोट बेताच्या वेगाने चालवून पाहावी. जागा चांगली की वाईट, याचा बराचसा निकाल एकही भोक न पाडता लागतो. त्यानंतर आतून पाहणी करावी: ज्या जागी भोक पडणार तिथे मागे इंधनाची नळी, वायर किंवा फोम तर नाही ना? अमेरिकेत वीस फुटांखालच्या बहुतेक मोटरबोटींना पाणी भरलं तरी तरंगत राहण्याइतकी सोय करणं निर्मात्यांवर बंधनकारक आहे, आणि ही सोय बहुधा फोमनेच केलेली असते.

ॲल्युमिनियम मऊ असतो, ड्रिलचा बिट त्यावरून घसरतो आणि रंगावर लांब ओरखडा काढतो. आधी सेंटर पंचने खूण करावी, मग तीन मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक आणि त्यानंतर पूर्ण मापाचं. स्क्रू आरपार जायचा नसेल तर बिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळावी. भोकाच्या कडा मोठ्या बिटने हाताने फिरवून साफ कराव्यात; मागे राहिलेल्या धातूच्या कण्या सीलंटला नीट बसू देत नाहीत. आत प्लायवुड असेल तर भोक मापापेक्षा मोठं पाडून त्यात इपॉक्सी भरतात आणि ती वाळल्यावर तिच्यातूनच नेमक्या मापाचं भोक पाडतात. आता पाणी बोल्टच्या कडेने शिरलं तरी त्याची गाठ लाकडाशी पडत नाही.

सीलंट निवडताना आंबट वासाचं घरगुती सिलिकॉन बाजूला ठेवावं. ते वाळताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि धातूला ते बाधतं. नौकांसाठी मिळणारं पॉलियुरेथेन सीलंट घ्यावं. त्यातही काही प्रकार इतके चिवट असतात की पुढे बोल्ट काढताना रंगही सोलून निघतो. कायमचं चिकटवायचं नसेल तर मध्यम पकडीचा प्रकार बरा. भोकात, बोल्टच्या डोक्याखाली आणि फळीच्या मागे सीलंट भरून बोल्ट आधी बेताने आवळावा आणि सीलंट वाळल्यावर शेवटचा पीळ द्यावा. सुरुवातीलाच पूर्ण आवळला तर सगळं सीलंट बाहेर पिळून येतं आणि ज्याच्यासाठी ते भरलं, ती सांध एकदम कोरडी राहते.

आता धातूंचं वैर. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि भोवती पाणी असलं की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यांतला दुबळा धातू झिजत जातो. ॲल्युमिनियम बहुतेक वेळा दुबळा ठरतो. गंजत नाहीत म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच लागतात, पण ते ॲल्युमिनियमला थेट टेकले की भोवतीचा रंग फुगतो आणि पांढरी भुकटी धरते. गोड्या पाण्यात हे सावकाश होतं, खाऱ्या पाण्यात झपाट्याने. सीलंटचा सलग थर आणि नायलॉनचे वॉशर हा त्यावरचा साधा इलाज आहे. तांबं, पितळ आणि कांसं यांना मात्र या बोटीच्या जवळ फिरकू देऊ नये. तळावर शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या काही रंगांत तांब्याचं संयुग असतं. तसा रंग ॲल्युमिनियमच्या तळासाठी नाही. ट्रान्समच्या आतलं लाकूड बदलताना कीड-प्रतिबंधक औषध मुरवलेलं प्लायवुड घेतलं तर त्या औषधातही बहुधा तांबं असतं.

वायरचा मार्ग

ट्रान्सड्यूसरची वायर जास्त झाली म्हणून कापायची नसते. आतल्या तारांना जाळीचं वेष्टण असतं. तोडून जोडलं की बाहेरची विजेची खरखर आत शिरते आणि पाणीही. उरलेल्या वायरचं वेटोळं करून ते कुठेतरी बांधून ठेवावं. ती ट्रान्समवरून आत घ्यावी किंवा पाण्याच्या रेषेच्या बरंच वर भोक पाडून. भोक पाडायचं तर ते वायरीच्या टोकाच्या जोडणीएवढं लागतं. इंजिनाच्या वायरी आणि ट्रोलिंग मोटरच्या जाड तारा यांच्याशी समांतर जाणारा मार्ग टाळावा.

विजेची जोडणी थेट बारा व्होल्टच्या बॅटरीपासून, मध्ये यंत्राच्या कागदात सांगितलेल्या मापाचा फ्यूज घालून करावी. छोट्या यंत्रांसाठी तो बहुधा तीन अँपिअरचा असतो. इंजिन सुरू करताना व्होल्टेज घसरतं आणि यंत्र बंद पडतं, म्हणून अनेकजण फिश फाइंडरसाठी सात अँपिअर-अवरची वेगळी बॅटरीच ठेवतात. एक अँपिअर घेणाऱ्या यंत्राला ती कागदोपत्री सात तास पुरते, थंडीत त्याहून कमी. आणि मोटारगाडीची सवय इथे विसरावी. गाडीत लोखंडी सांगाडाच बॅटरीच्या ऋण टोकाचं काम करतो. ॲल्युमिनियमच्या बोटीत सांगाड्यातून वीज फिरवली तर पत्रा आतून-बाहेरून खाल्ला जातो. धन आणि ऋण, दोन्ही तारा यंत्रापर्यंत वेगळ्या न्यायच्या.

पाण्यावर निकाल

पहिल्या फेरीआधी ट्रान्सड्यूसरचं तोंड भांडी घासायच्या द्रव साबणाने पुसावं. नव्या प्लास्टिकवर तेलकट थर असतो, त्याला बारीक बुडबुडे चिकटून बसतात. यंत्रात खोलीची दुरुस्तीही भरून घ्यावी, कारण यंत्र ट्रान्सड्यूसरपासून खोली मोजतं आणि इंजिनाचं टोक त्याच्याही बरंच खाली असतं. पडद्यावरचा अर्धा मीटर म्हणजे पंख्याखाली कदाचित काहीच नाही.

मग बोट सावकाश न्यावी, वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि दुसऱ्या कुणाला सुकाणू देऊन मागे वाकून पाणी पाहावं. उभ्या बोटीतही तळ दिसत नसेल तर जोडणी, सेटिंग किंवा कल तपासावा. सावकाश जाताना दिसतो आणि वेगात तुटत असेल तर ट्रान्सड्यूसर तीन-तीन मिलिमीटरनी खाली घ्यावा. खाली घेऊनही तुटतच असेल तर तो एखाद्या रिवेटच्या रांगेमागे आहे, बाजूला सरकवावा. मागे तुषारांचा पिसारा उठत असेल तर थोडा वर. पडद्यावर पावसासारखे ठिपके असतील तर बोट मोकळी वाहू द्यावी आणि इंजिन बंद करावं. ठिपके गेले तर दोष वायरीच्या मार्गात किंवा पंख्याच्या खळबळीत, राहिले तर एकेक करून बाकीची उपकरणं बंद करून पाहावं. फळी लावलेल्याला ही प्रत्येक दुरुस्ती पान्याने पाच मिनिटांत करता येते.

मोसमात या ब्रॅकेटला पाणवनस्पती गुंडाळतात, तोंडावर बुळबुळीत थर चढतो. तो मऊ कापडाने पुसावा. तासणी किंवा पेट्रोल वापरू नये. मिनेसोटात तर तळ्यावरून निघताना बोटीचं बूच काढून पाणी सोडणं आणि चिकटलेल्या वनस्पती काढणं कायद्यानेच सक्तीचं आहे, म्हणजे झेब्रा शिंपल्यांसारखे उपरे जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जात नाहीत. ब्रॅकेटचा कोपरा ही अशा पाहुण्यांची आवडती जागा असते. त्याच वेळी बोल्टभोवतीचं सीलंट फाटलं आहे का, तेही बोटाने चाचपून पाहता येतं.

एवढं करूनही चित्र खराब दिसलं की हात आधी जातो तो संवेदनशीलता वाढवण्याच्या बटणाकडे. त्या बटणाने क्षीण प्रतिध्वनी मोठा होतो, त्याबरोबर खरखरही मोठी होते. पण बुडबुड्यांनी अडवलेला प्रतिध्वनी ट्रान्सड्यूसरपर्यंत पोचलेलाच नसतो, आणि जो पोचलाच नाही तो कितीही महागड्या यंत्राला वाढवून दाखवता येत नाही. म्हणून नवा, मोठा पडदा घेण्याचा विचार मनात आला तर आधी पान्याने ट्रान्सड्यूसरचे स्क्रू सैल करून त्याची जागा बदलून पाहावी. बऱ्याच बोटींत जुन्याच पडद्यावर तळ पुन्हा दिसू लागतो.